कायमचा पत्ता

बेघरांसाठीच्या एका केंद्राच्या समितीवर मला घेतलं. पहिल्या बैठकीला गेले तेव्हा टेबलावर माझ्यासमोर एक पाटी होती. तिच्यावर छापलेलं होतं, ‘लाभार्थी प्रतीनिधी’. ‘ती’ दीर्घ. मी अकरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे मला शुद्धलेखनाची चूक आधी दिसते आणि अपमान नंतर. बाकीच्या अकरा जणांच्या पाट्यांवर त्यांची त्यांची नावं होती, नावाखाली हुद्दा. मला नाव नव्हतं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी दोन वर्षं आणि साधारण चार महिने मी बेघर होते. ‘साधारण’ म्हणते, कारण सुरुवात कुठून धरायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. भाड्याची खोली सुटली तिथून, बहिणीच्या घरातून रात्री निघाले तिथून, की बसस्थानकाच्या बाकावर पहिल्यांदा पाय पोटाशी घेऊन आडवी झाले तिथून? आजार बायपोलर, म्हणजे मन कधी भलतं तेजीत, कधी पार खचलेलं. तो या सगळ्याच्या आधीपासूनचा.

त्या दिवशी मला सांगितलं गेलं, ‘ताई, तुमची कहाणी सांगा. दहा मिनिटं.’ मी चौदा मिनिटं बोलले. एका बाईंनी डोळे पुसले. मग चक्क टाळ्या वाजल्या. बाईचं घर गेलं, डोकं फिरलं, बाई बाकावर झोपली, आणि टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, फार धाडस लागतं हे बोलायला. मग व्यवस्था बघणाऱ्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘पुढचे विषय जरा तांत्रिक आहेत, तुम्ही थांबला नाहीत तरी चालेल. जाण्यायेण्याचा खर्च बाहेर मिळेल, सही करा फक्त.’

छापखान्यात दिवस काढलेल्या माणसाला उलटं वाचता येतं. समोरच्या डॉक्टरांपुढे कार्यक्रमपत्रिका पडली होती. विषय क्रमांक ४ : रात्रनिवाऱ्याचे दार बंद करण्याची वेळ.

हा तो तांत्रिक विषय.

दार तेव्हा आठला बंद व्हायचं. मी त्या दाराच्या आतही झोपलेली आहे आणि बाहेरही. आठ ही वेळ कुठून आली ते पुढे समितीत राहून मला कळलं : रखवालदाराची पाळी आठला बदलायची. बस, एवढंच. कुणी वाईट चिंतून ठरवलेलं नव्हतं. पण आठला दार म्हणजे साडेसहापासून रांग, आणि साडेसहाला रांगेत उभं राहायचं तर संध्याकाळचं काम धरता येत नाही. भांडी घासायची, माल उतरवायची, कार्यालयं झाडायची कामं संध्याकाळीच असतात. ज्याला काम त्याला खाट नाही आणि ज्याला खाट त्याला काम नाही. टेबलाभोवतीच्या अकरा जणांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. जिला माहीत होतं ती बाहेर सही करून प्रवासखर्च घेत होती.

घरी जाता जाता (तोवर मला एक खोली मिळाली होती) मी दोन गोष्टी ठरवल्या. पुन्हा बोलावलं तर कहाणी सांगायची नाही. आणि कार्यक्रमपत्रिका आधी मागायची.

या सगळ्याला, म्हणजे स्वतः भोगून जे कळतं त्याला, आता ‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स’ म्हणतात. त्याचं ‘जगलेला अनुभव’ असं भाषांतर एका अहवालात वाचलं आणि माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. न जगता अनुभव कसा येतो हो? ‘अनुभवाने तज्ज्ञ’ असाही एक शब्द फिरतो. तो मला त्याहून जास्त खटकतो, पण कारण वेगळं. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपण सगळेच म्हणतो. माझ्यापुरतं सांगते, जळत होतं तेव्हा मला काहीही कळत नव्हतं. तेजीच्या दिवसांत मी बसस्थानकाच्या व्यवस्थापकाला त्याच्या फलकांवरच्या चुकांची सोळा पानी यादी करून दिली होती आणि मला खात्री होती की तो मला नोकरीवर ठेवणार. कळलं ते खूप नंतर, बसून, इतरांचं ऐकून, माझ्यासारख्या दहाजणींचं वेगवेगळं ऐकून. अनुभव आला म्हणजे लगेच शहाणपण आलं असं होत नाही. तो मुरावा लागतो. आणि मुरलेल्या अनुभवातलं नेमकं काय कुठल्या टेबलावर ठेवायचं, ते कामासारखं शिकावं लागतं.

गोळ्यांचं घ्या.

माझ्या जुन्या केसपेपरवर चार ठिकाणी एकच वाक्य आहे : ‘औषधे नियमित घेत नाही.’ खरं आहे, घेत नव्हते. रात्रीच्या गोळीने गुंगी यायची. घरात गुंगी ही सोय असते. उघड्यावर गाढ झोप लागली की सकाळी चपला नसतात, पिशवी नसते, आणि बाईच्या बाबतीत जाण्यासारखं त्याहून पुष्कळ असतं. म्हणून मी गोळी नखाने अर्धी तोडायची, कधी तीही नाही. माझ्या शेजारच्या बाकावरची बाई गोळी दिवसा घेऊन गर्दीत झोपायची, कारण गर्दीत चोऱ्या कमी. तिच्या पेपरवर काय लिहिलं असेल याचा मी अंदाज करू शकते.

दुसरं लिथियम, बायपोलरवरचं औषध. त्याचे नियम साधे आहेत. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम कमीजास्त करायचं नाही, ठरल्या वेळी रक्त तपासायचं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं आणि मग तेच औषध विषासारखं वागतं. हात कापतात, तोल जातो, उलट्या होतात, बोलताना जीभ जड पडते. डॉक्टर मला दर वेळी सांगायचे, ‘भरपूर पाणी प्या.’ मी दर वेळी मान डोलवायची. आणि दुपारी चारनंतर पाण्याचा एक घोट घ्यायचा नाही हा माझा नियम होता. बसस्थानकातलं शौचालय रात्री दहाला कुलूप लागून बंद व्हायचं. त्यानंतर अंधारात आडोसा शोधायचा म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको.

एकदा माझे हात इतके कापायला लागले की मला स्वतःचं नाव लिहिता येईना. रस्त्यावरून जाणाऱ्यांना मी प्यायलेली वाटत होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दवाखान्यात नेऊन टाकलं. रक्त तपासल्यावर कळलं.

ते डॉक्टर वाईट नव्हते. उलट घाईतही माझ्याशी ‘अहो’ करून बोलणारे ते एकटेच होते. वॉर्डातल्या मावशींपासून फॉर्म भरणाऱ्या मुलापर्यंत बाकी सगळे ‘ए, तू’. त्यांना फक्त एक प्रश्न सुचायला हवा होता : रात्री लघवीला कुठे जाता? पण हा प्रश्न सुचायला आधी कधीतरी जायला जागा नसावी लागते.

तो प्रश्न आता आमच्या फॉर्मवर आहे. तिसऱ्या पानावर, औषधांच्या रकान्याच्या वरती. मी या कामात काय केलं असं कुणी विचारलं तर मी तो रकाना दाखवते.

फॉर्मच्या पहिल्या पानावरचं भांडण जास्त लांबलं. पहिली ओळ नाव, दुसरी ओळ ‘कायमचा पत्ता’. बेघरांसाठीच्या केंद्राचा फॉर्म! कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सगळ्या फॉर्मवर तीच दुसरी ओळ असते. मी स्वतः तिथे पहिल्यांदा ‘बाक क्र. ३’ असं लिहिलं होतं. लिहून घेणाऱ्या मुलाला ती चेष्टा वाटली आणि त्याने खोडून ‘नाही’ लिहिलं. दुसऱ्या ओळीवर उठून निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी हाकललं नाही, ती फक्त उठली. मी बैठकीत म्हटलं, ही ओळ शेवटच्या पानावर न्या आणि शब्द बदला : ‘तुम्हाला निरोप कुठे पोचवायचा?’ मग कुणी चहावाला सांगेल, कुणी देवळाचा पुजारी, कुणी बहिणीचा फोन. सगळ्यांना पटलं. आणि बदलायला चौदा महिने लागले, कारण जुने फॉर्म गठ्ठ्यांनी छापून पडले होते. छापखान्याची माणूस म्हणून मला त्या गठ्ठ्यांचंही दुःख होतं, पण चौदा महिने?

दुसऱ्या वर्षी आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी दाखवली. लोकसहभाग म्हणून जे जे चालतं ते सगळं त्यांनी या शिडीवर लावलं आहे. अगदी खाली फसवाफसवी, वर लोकांच्या हाती कारभार. मधे माहिती देणं, मत विचारणं, समितीवर दोन माणसं घेऊन शांत करणं, मग भागीदारी. मला गंमत वाटली ती खालून दुसऱ्या पायरीची. तिचं नाव त्यांनी ‘थेरपी’ ठेवलं आहे, आणि ही पायरी आर्नस्टाइनबाई सहभागात धरतच नाहीत. सहभागाच्या नावाखाली लोकांनाच दुरुस्त करायला काढायचं, असा तिचा अर्थ. मला समितीवर घेताना एका भल्या गृहस्थांनी उच्चारलेलं वाक्य होतं, ‘यांना पण बरं वाटेल, आत्मविश्वास वाढेल.’ मी दुसऱ्या पायरीवर बसले होते आणि सगळ्यांना वाटत होतं मी वर आहे.

पायऱ्यांचा आणि बेघरांचा जुना संबंध आहे. आधी दारू सोडा, मग गोळ्या नीट घ्या, मग सामायिक खोलीत नीट वागून दाखवा, आणि हे सगळं जमलं तर शेवटच्या पायरीवर घर. बहुतेक ठिकाणी पद्धत हीच. मधल्या एखाद्या पायरीवर पाय घसरला की पुन्हा रस्ता. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था सुरू केली आणि हा जिना उलटा केला. मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना काय हवं ते विचारायचं. ती म्हणतात घर. तर मग घर द्या, अटी न घालता, आणि उपचार त्यांच्या मर्जीने, घरात येऊन. याला ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात. कॅनडाने २००९ मध्ये पाच शहरांत दोन हजारांहून जास्त माणसांवर याची रीतसर चाचणी सुरू केली. ज्यांना आधी घर मिळालं ती माणसं नेहमीच्या पद्धतीतल्या माणसांपेक्षा घरात कितीतरी जास्त टिकली. याचं मला आश्चर्य वाटत नाही. गोळी नियमित घ्यायला आधी ती ठेवायला फडताळ लागतं, दाराला आतून कडी लागते. आश्चर्य याचं वाटतं, की हे कळायला चाचणी लागली. विचारलं असतं तर कुठल्याही बाकावरून उत्तर मिळालं असतं.

आता पैसे. हा विषय काढला की टेबलाभोवती सगळे आपापल्या कागदांत बघायला लागतात.

पहिली तीन वर्षं मला प्रवासखर्च मिळायचा आणि एकदा शाल मिळाली. बाकी सगळे त्या बैठकीला आपल्या पगाराच्या वेळेत बसलेले असायचे. मी त्या दिवशीचं काम बुडवून यायची. मानधन मागितलं तेव्हा एक जण म्हणाले, ‘पैसे घेतले तर तुमच्या बोलण्यातली निरपेक्षता जाईल.’ मी विचारलं, साहेब, तुमची गेली का? हे मी बोलायला नको होतं असं मला नंतर दोन दिवस वाटत राहिलं. आता नाही वाटत. मानधन सुरू झालं तेव्हा नवीनच अडचण निघाली. ते फक्त बँकेत जमा होणार, आणि माझ्याबरोबरच्या दोघांना खातं नव्हतं, कारण खातं उघडायला काय लागतं? कायमचा पत्ता. काही देशांत तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाने बैठकीचे पैसे घेतले तर त्याची मदतच कापली जाऊ शकते. म्हणजे सल्ला द्यायला बोलवायचं आणि सल्ला देणाऱ्याला खड्ड्यात घालायचं.

आजारपणाचं सांगायचं राहिलंच. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा आजारी पडले. पाच आठवडे दवाखान्यात होते, दोन बैठका हुकल्या. परत आले तर पत्र : ‘आपल्या प्रकृतीचा विचार करता आपणास विश्रांती देण्यात येत आहे.’ त्याच वर्षी समितीतले दुसरे एक सदस्य पाठीच्या ऑपरेशनमुळे चार महिने आले नव्हते. त्यांना फुलं गेली होती, वर्गणीत माझेही पैसे होते. मी पत्रातल्या तीन व्याकरणाच्या चुकांना लाल खूण केली, खाली लिहिलं ‘मी फुलांची वाट बघते आहे’, आणि ते परत पाठवलं. व्यवस्था बघणाऱ्या त्याच बाईंनी (कानाशी येऊन बोलणाऱ्या) ते पत्र अध्यक्षांपुढे ठेवलं आणि मागे घ्यायला लावलं. त्यांचं माझ्याबद्दलचं मत कधी बदललं, मला कळलंच नाही. माझं त्यांच्याबद्दलचं त्या दिवशी बदललं.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. बैठकीत दुसऱ्या कुणाचा आवाज चढला तर तो मुद्द्यावरून चढलेला असतो. माझा चढला की कुणीतरी काळजीने विचारतं, ‘गोळ्या चालू आहेत ना?’

नियम नाहीत असं नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, त्यांच्याविषयीचे निर्णय घेताना त्यांच्या संघटनांना सोबत घ्या असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि त्यात मानसिक आजारातून आलेलं अपंगत्वही येतं. अमेरिकेत बेघरांसाठीचा केंद्र सरकारचा पैसा वाटणाऱ्या स्थानिक मंडळांवर बेघर असलेली किंवा पूर्वी बेघर असलेली किमान एक व्यक्ती लागते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांवर मानसिक आजार असलेल्यांचे किंवा पूर्वी होता अशांचे दोन प्रतिनिधी आहेत. एक आणि दोन यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. मी दोन वर्षं ‘किमान एक’ होते. एकटं माणूस बोललं की ती त्याची व्यथा होते. दुसरं शेजारी बसून नुसतं ‘हो, माझंही असंच झालं’ म्हणालं की तो मुद्दा होतो, इतिवृत्तात जातो. आणि बैठक संपल्यावर जिन्यात उभं राहून शिव्या घालायला कुणीतरी लागतंच की.

पण खुर्ची कुणाला मिळते तेही बघायला हवं. इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये वेड्यांच्या दवाखान्यांतून बाहेर पडलेल्या काही जणांनी आपली एक संस्था काढली. कोंडलेल्यांच्या बाजूने तक्रारी केल्या, कायदे बदलायला लावायचा प्रयत्न केला. त्यात पुढे होते जॉन पर्सिव्हल, पंतप्रधानाचे चिरंजीव. त्यांना स्वतः तिथे फार हाल सोसावे लागले होते, त्यांची कळकळ खरीच. पण पंतप्रधानाचा मुलगा होता म्हणून तरी लोकांनी ऐकून घेतलं. माझंही त्याच जातीचं आहे. मला नीट वाक्यं बोलता येतात, मला कागद वाचता येतो, अंगावर इस्त्रीचे कपडे असतात. समितीला बेघर बाई हवी होती, पण बसवायला सोपी. ज्यांच्या अंगाला वास येतो, जे मधेच उठून जातात, ज्यांचं बोलणं सरळ रेषेत चालत नाही, त्यांच्यासाठी मी बोलते असं मी म्हणते खरं, पण त्यांनी मला तसं कधी सांगितलेलं नाही. आणि त्या बाकावर झोपून मला आता सात वर्षं होऊन गेली. बाकसुद्धा बदलले. मधे लोखंडी हात बसवलेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. ते बाक मला माहीत नाहीत.

चार वर्षांपासून मी आठवड्यातले तीन दिवस हे केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या रस्त्यावरच्या गटात पीअर म्हणून, म्हणजे स्वतः त्यातून गेलेली सोबतीण म्हणून काम करते. पगारी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये पीअर सपोर्टला गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून पैसे द्यायला सुरुवात केली, त्यानंतर हा हुद्दा हळूहळू बऱ्याच ठिकाणी आला. कल्पना त्याहून खूप जुनी आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र दवाखान्यात अठराव्या शतकात जाँ-बाप्तिस्त प्युसाँ नावाचा एक कातडी कमावणारा गंडमाळेवर उपचार घ्यायला आला, बरा झाला, तिथेच कामाला राहिला आणि मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. आपल्या हाताखाली तो बऱ्या झालेल्या रुग्णांनाच नेमायचा, कारण ते मारत नसत. बिसेत्रमधल्या रुग्णांच्या साखळ्या १७९७ मध्ये त्याने काढल्या. तिथले डॉक्टर फिलिप पिनेल त्याच्याकडून बरंच शिकले आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. पण साखळ्या सुटतानाच्या चित्रांत मधोमध कोण उभं आहे ते बघा.

पीअर म्हणजे जादू नव्हे, हे मला सांगितलं पाहिजे, कारण हल्ली निधी मागताना आम्हाला जादूसारखं दाखवतात. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या एका आढाव्यात ११ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. पीअरनी तेच काम केलं तर निकाल व्यावसायिकांच्या आसपासच आले, फार चांगले नाहीत, वाईटही नाहीत. मला हे वाचून बरं वाटलं. आसपास म्हणजे कामगार. चमत्कार असते तर पुन्हा टाळ्या वाजवून घरी पाठवलं असतं.

काम काय असतं? पुलाखाली एक माणूस राहायचा, पन्नाशीचा, कुणाशी बोलायचा नाही. गटातल्या मुलांनी नोंद केली होती : ‘संशयी, प्रतिसाद नाही.’ मी गेले तेव्हा तो झोपलेला होता आणि त्याच्या पिशवीचा बंद घोट्याला बांधलेला होता, दोन गाठी, वरची सुटी. वरची गाठ ओढली की चोराला वाटतं सुटली, आणि खालची घोट्याला हिसका देऊन जागं करते. मी हीच गाठ मारायची. मी काही बोलले नाही, तीन हात लांब बसले. पाचव्या खेपेला तो जागा असताना मी माझ्या पिशवीच्या बंदाने ती गाठ मारून दाखवली. त्याने बघितलं आणि म्हणाला, ‘वरची जास्त सैल हवी.’ एवढंच पहिलं वाक्य. त्याच्यानंतर घर वगैरे झालं असं काही नाही. तो अजून पुलाखालीच आहे, पण आता रक्त तपासायला येतो.

पगारी झाल्यावरसुद्धा पहिले सहा महिने मला कर्मचाऱ्यांच्या संडासाची किल्ली नव्हती. कुणी नाकारली नव्हती. यादीत नाव घालायचं राहिलं होतं, म्हणे. मी पुन्हा दुपारी चारनंतर पाणी प्यायचं बंद केलं, आणि ते माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

पुढच्या महिन्यात समितीतली माझी मुदत संपते. माझ्या जागी येणारी बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, निवाऱ्यातून गेल्या पावसाळ्यात बाहेर पडली. मागच्या मंगळवारी तिला ओळखीसाठी बोलावलं होतं. अध्यक्ष नवीन आहेत, मवाळ आहेत. म्हणाले, ‘तुम्ही तुमच्याबद्दल थोडं सांगाल का?’ ती म्हणाली, ‘नाव सांगते.’ नाव सांगितलं. मग कार्यक्रमपत्रिका पुढे ओढली. ती आधी घरी आलेली होती, तिने खुणा करून आणली होती. तिने सहाव्या विषयावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘दार आता साडेनऊला बंद होतं. साडेनऊच का?’

कुणाला सांगता येईना. मलासुद्धा. ती वेळ मीच भांडून मिळवली होती, आणि आठपेक्षा बरी यापलीकडे मी विचार केलेला नव्हता.

‘शेवटची बस पावणेदहाला येते,’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. ‘ताई, तुमचं लाल पेन द्या जरा.’